बोटभर खाली

आमच्या चर्चच्या मंडळीचं पोट फार मोठं आहे, असं आई अभिमानाने म्हणायची, आणि मी म्हणायचे, मोठं आहे खरं, पण आत गेलेलं पुढे कुठे जातं ते कुणी पाहिलंय का? शिलाईचं दुकान चालवून चालवून माझी जीभ कात्रीसारखी झाली आहे, असं तिचं मत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या तोंडावर 'तुमचं पोट सुटलंय' म्हणणारी मी, पाळकसाहेबांच्या तोंडावर तरी गोड कशी बोलणार?

लोकांच्या चुका पोटात घालण्याची मंडळीची एक जुनी रीत आहे. मोठं पाप केलेल्या माणसाला आमच्याकडे हाकलून देत नाहीत. तो वर्षभर, दर रविवारी, चर्चच्या दाराबाहेरच्या पायरीवर उभा राहतो. दार उघडंच असतं. आतली गाणी त्याला ऐकू येतात आणि आतल्यांना त्याची सावली दिसते. वर्ष भरलं की ज्या घराचं त्याने वाईट केलं त्या घरातलं कुणीतरी उठून पायरीपर्यंत जातं, त्याचा हात धरून त्याला उंबऱ्याच्या आत आणतं आणि वेदीपुढे उभं करतं. मग पाळक मंडळीला तीनदा विचारतात, "याने काय केलं?" आणि सगळी मंडळी तीनदा उत्तर देते, "आठवत नाही." त्यानंतर प्रभुभोजनातला पहिला घास त्याचा. देव स्वतः पापं आठवत नाही, मग आपण कोण लागून गेलो, असं त्यामागचं म्हणणं. मीही लहानपणापासून ते दोन शब्द इतरांबरोबर म्हणत आले होते, इतकंच नव्हे तर लहान असताना सगळ्यांत मोठ्याने.

पुढे ते शब्द म्हणायची पाळी आमच्या घरावर आली.

माझी धाकटी बहीण झोपेतसुद्धा बोलायची, म्हणून तिला घरीदारी सगळे टकळीच म्हणत. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. जन्मतःच तसा. रस्त्याने जाणाऱ्याला ते कळत नसे, कारण तिचे सगळे कपडे मीच बेतायचे. डाव्या बाजूची शिवण बोटभर खाली घ्यायची, म्हणजे कपडा तिच्या अंगावर सरळ बसे. साध्या हँगरवर टांगला की मात्र तो तिरका दिसे. "माझे कपडेसुद्धा माझ्याशिवाय नीट राहत नाहीत," असं ती त्यावर म्हणायची.

एका भर दुपारी आमच्याच मंडळीतल्या सुताराने दारूच्या अंमलात आपला टेम्पो वळणावरच्या पदपथावर चढवला, आणि त्या पदपथावरून टकळी चालली होती. तो थांबला नाही. घरी जाऊन त्याने टेम्पो धुतला, तोंड धुतलं, कपडे बदलले, आणि आमचा निरोप गेला तेव्हा तिच्या शवपेटीचं माप घ्यायला आला. पेट्या करणारा आमच्याकडे तो एकटाच होता. तिच्या अंगावरून पट्टी फिरवताना तो जरासा थांबला आणि मला हळूच म्हणाला, "ताई, डावा खांदा बोटभर खाली आहे. त्या बाजूला थोडा जास्त कापूस घालतो. नीट टेकेल." इतक्या गर्दीत कुणाला ते दिसलं नव्हतं, त्याला दिसलं, म्हणून मी त्याचे दोन्ही हात धरून रडले. त्या हातांनी दुपारी काय केलं होतं ते आम्हाला पुढच्या आठवड्यात कळलं. मी त्याचा राग केला तो टेम्पोसाठी थोडा आणि त्या कापसासाठी जास्त.

त्याला शिक्षा झाली, ती त्याने भोगली, सुटून आला आणि पायरीवर उभा राहिला. उन्हात, थंडीत, खाली मान घालून. नाटक नव्हतं ते. मी इतकी आंधळी नाही. आणि या सगळ्या काळात माझी आई खंगत गेली. तिचे गुडघे धरले, झोप उडाली, जेवताना घास हातातच राहायचा. एका सकाळी ती मला म्हणाली, "मोठे, मी त्याला आत आणणार आहे. हे ओझं घेऊन मला वर जायचं नाही."

"आण," मी म्हणाले. "पण मला ते शब्द म्हणायला सांगू नकोस."

तिने पाळकसाहेबांना पाठवलं. भला माणूस. दुकानात गिऱ्हाइकांच्या स्टुलावर अवघडून बसला, चहा घेतला आणि मग मुद्द्यावर आला. "क्षमा म्हणजे त्याच्यावर उपकार नाहीत, ताई. तुमच्या आईकडे बघा."

"माझं भांडण क्षमेशी नाही. 'माफ केलं' म्हणा. हवं तर शंभरदा म्हणा. 'आठवत नाही' कशाला म्हणायचं? मला आठवतंय ना!"

"शब्द जुने आहेत, ताई."

"म्हणूनच विचारतेय. नवे असते तर एखाद्याने नीट वाचून तरी पाहिले असते."

ते हसले, आणि माझ्यासाठी प्रार्थना करून गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आई आतून म्हणाली, मला ऐकू येईल इतक्या आवाजात.

त्या रविवारी आईने सुताराचा हात धरला. खरं तर कोण कुणाला धरून चालतंय ते कळत नव्हतं. तो रडत होता, आई रडत होती, पुढच्या बाकांवरच्या बायकाही रडत होत्या. पाळकसाहेबांनी विचारलं, "याने काय केलं?" आणि आजूबाजूने उत्तर आलं. दुसऱ्यांदा विचारलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदा मात्र मी उभी राहिले आणि सगळ्यांच्या बरोबरीने, सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणाले, "आठवतं."

कुणी वळून पाहिलं नाही. पाळकसाहेब जरा घुटमळले, कारण एक आवाज वेगळा पडला तर काय करायचं हे त्या जुन्या रीतीत कुठे सांगितलेलंच नव्हतं. मग त्यांनी भाकर मोडली. उपासना संपल्यावर मला वाटलं होतं, आता बोलणी बसणार. पण लोक नेहमीपेक्षा प्रेमाने बोलले, आणि कुणीतरी माझ्या हातात चहाचा कप दिला.

आई मात्र दुसऱ्या दिवसापासून सुधारली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. गुडघे वाकू लागले, झोप लागू लागली, भांडी घासताना ती एक जुनं स्तोत्र गुणगुणू लागली. तिचा आवाज इतका चांगला आहे हे मी विसरूनच गेले होते. दुकान पुढे आणि स्वयंपाकघर आत, त्यामुळे दिवसभर माझ्या मशीनच्या आवाजात तिचं गाणं मिसळत राही. माफीने माणूस असा उजळत असेल तर आपणच आडमुठ्या, असं एकदोनदा मनात आलंसुद्धा.

मग एक गिऱ्हाईक आपल्या लहान मुलीला घेऊन आली. पोर माप देताना अखंड बोलत होती. मांजर, शाळा, पडलेला दात, कुठून कुठे. आई हात पुसत बाहेर आली आणि कौतुकाने बघत राहिली. त्या दोघी गेल्यावर म्हणाली, "असं एखादं बडबडं पोर आपल्याकडे असतं, तर घर कसं भरून गेलं असतं, नाही?"

टाचणी माझ्या बोटात गेली. मी वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काही लपवल्याची खूण नव्हती.

त्याच आठवड्यात तिने आतल्या खोलीतली दुसरी खाट शेजाऱ्यांना देऊन टाकली. "दोघींच्या घरात तीन खाटा कशाला? उगाच अडगळ." मी भांडले. ती गोंधळली आणि मला जवळ घेऊन म्हणाली, "अगं, तुला हवी होती तर आधी सांगायचं." मी तडक दफनभूमीत गेले. बाबांच्या कबरीशेजारी, जिथे आम्ही टकळीला पुरलं होतं, तिथे गवत होतं, सपाट, सारखं, कधीच न खणलेलं. तिथला माळी पाण्याचा पाइप गुंडाळत होता. "ती जागा तुमच्या आईसाठी राखलेली आहे ना?" तो म्हणाला. "रिकामीच आहे. काळजी करू नका, दुसऱ्या कुणाला देत नाही."

तिथून मी पाळकसाहेबांकडे गेले आणि दारातच विचारलं, "माझी बहीण कुठे आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत नुसती माया होती, आणि मला तीच सहन होईना. "ताई," ते म्हणाले, "तुम्ही एकट्या सगळं दुकान ओढता. थोडी विश्रांती घ्या." मी विचारलं, मग त्या रविवारी माझ्या आईने सुताराला आत कशासाठी आणलं? त्याचा काय संबंध होता आमच्या घराशी? त्यांनी आठवण्याचा प्रयत्न केला. प्रामाणिकपणे केला, कपाळाला आठ्या घालून केला. मग त्यांचा चेहरा निवळला आणि ते हसून म्हणाले, "ते आता कुणाला आठवतंय?"

परत येताना मला मास्तरांची आठवण झाली. शाळेतले मास्तर, केव्हातरी वर्षभर पायरीवर उभे होते. त्यांना आत आणलं तेव्हा मी चांगली मोठी होते, दुकानात बसत होते. त्यांनी काय केलं होतं? खूप डोकं खाजवलं. पायरीवरचे मास्तर दिसत होते, त्यांचा चुरगळलेला कोट दिसत होता, आत आणणारी बाई दिसत होती. पण त्याच्या आधीचं काहीच हाताला लागेना. घरी येऊन मी कपाट उघडलं. खालच्या खणात वर्षानुवर्षं एक छोटा फ्रॉक पडून होता, पिवळा, माझ्याच हातचा, कुणीच न नेलेला. गिऱ्हाइकं विसराळू असतात असं म्हणून मी दरवर्षी त्यात डांबराच्या गोळ्या घालत होते. आता तो मांडीवर घेऊन बसले. कुणाचं माप होतं हे? कोणत्या पोरीने माझ्यासमोर हात वर करून दिलं होतं? मला सांगता येईना. मास्तरांच्या वेळी ते दोन शब्द मीही म्हटले होते.

त्या दिवशी माझा हट्ट वेगळा झाला. तोवर मी सुताराविरुद्ध आठवत होते. त्यानंतर टकळीसाठी आठवू लागले. मशीनवर बसून तिच्याशी मोठ्याने बोलायचे. गिऱ्हाइकं एकमेकींकडे बघायची, बघू देत. आईला मी सगळी हकिकत पहिल्यापासून सांगितली, टेम्पो, पेटी, कापूस, सगळं. तिने हातातलं काम ठेवून ऐकलं, तिच्या डोळ्यांत पाणीही आलं. "अरेरे," ती म्हणाली. "कुणाची गं ती?" आणि थोड्या वेळाने पुन्हा गुणगुणू लागली.

पण मनाचा काही भरवसा देता येत नाही. आधी तिचं हसणं गेलं. ती हसायची हे माहीत होतं, कशी ते ऐकू येईना. मग हनुवटीवरचा तीळ कुठल्या बाजूला होता याची शंका आली. तिचा एक निळा झगा माझ्याकडे उरला होता, तोच साध्या हँगरवर तिरका दिसणारा. मी तो रोज काढून टेपने मोजायचे. डावी बाजू बोटभर खाली. मग अर्धं बोट. मग एका सकाळी दोन्ही खांदे सारखे भरले. उसवल्याची खूण नव्हती, शिवण माझीच होती, आणि झगा हँगरवर छान सरळ लटकत होता.

"कुणाचा गं हा?" आईने विचारलं. "तुलाच होईल. घाल की."

"आई, मला हिचं काही विसरायचं नाही."

हिचं म्हणजे कुणाचं, हे तिने विचारलं नाही. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "तुला काहीतरी खुपतंय. काय ते मला कळत नाही, पण म्हणून टाक ना ते. दोनच शब्द तर आहेत. बघ, मी कशी मोकळी झाले." ती खरंच मोकळी झाली होती. गालांवर रंग होता, चालताना पाय हलके पडत होते. माझ्या एका हट्टापायी आईचं हे सुख मी पुन्हा ओढून घेणार का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि उत्तर द्यायचं टाळलं. देवावर मात्र चिडले. त्याला नसेल आठवायचं तर नको आठवू दे. त्याच्याकडे माणसं पुष्कळ आहेत. माझी बहीण एकच होती.

दुकानाला लाकडी हँगर हवे होते. आईने परस्पर सुताराला सांगितलं. "चांगला माणूस आहे, हातही चांगला आहे. त्याला काम नको का द्यायला?"

तो दुपारी आला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, दारातून ऊन टेबलापर्यंत आलं होतं. आत आई गुणगुणत भाजी चिरत होती. त्याने नवा शर्ट घातला होता, दाढी केली होती. पण तो उंबऱ्याबाहेरच थांबला. सुतळीने बांधलेला हँगरचा गठ्ठा त्याने छातीशी धरला होता.

"ताई, हे बिघडले," तो म्हणाला. "पैसे नकोत. दाखवायला आणलेत फक्त."

"काय बिघडलं?"

त्याने आत येऊन गठ्ठा टेबलावर सोडला. चांगलं लाकूड, चांगलं घासलेलं, कडा गुळगुळीत. मी एक उचलून हुकाने खुंटीला लावला. मग दुसरा, मग तिसरा. सगळ्यांचा डावा खांदा बोटभर खाली होता.

"माप चुकलेलं नाही," तो घाईघाईने म्हणाला. "मी प्रत्येक मोजून केलाय. साच्यावर ठेवून आखला. पण कापताना हात तिकडेच जातो. सगळे फेकून पुन्हा केले, तेही तसेच. मग हात दुसऱ्या कामाला लावला, खुर्ची केली, तर तिची पाठ..." तो थांबला. "मला सगळं चांगलं आहे, ताई. लोक चांगलं वागतात. झोप लागते. फक्त हे हात ऐकत नाहीत. कुणाचं आहे हे माप?"

मी निळा झगा काढला आणि त्याच्या हँगरवर चढवला. सारख्या झालेल्या खांद्यांचा तो झगा डावीकडे ढळला. दारात उभं राहून बोलत सुटलेली ती, एका पायावर भार टाकून, अशीच दिसायची. तीळ डाव्या बाजूला होता. तिचं हसणं आधी नाकातून यायचं आणि मग तोंडातून. मला एकदम सगळं मिळालं.

तिला मोजणारी माणसं जगात दोनच होती. एक मी, आणि दुसरा हा.

तो झग्याकडे बघत होता. त्याचा उजवा हात आपोआप उठला आणि त्या उतरत्या खांद्याखाली जाऊन थांबला, तिथे काहीतरी भरायचं असल्यासारखा. मग त्याने हात मागे घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. शर्ट नवा होता, दाढी केलेली होती, पण चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"ताई," तो म्हणाला, "मी काय केलं होतं?"

उत्तर तयार होतं. लहानपणापासून पाठ होतं. ते दिलं असतं तर तो हसून घरी गेला असता, आईचा जीव तसाच हलका राहिला असता, आणि मलाही त्या रात्री झोप लागली असती. त्याला बरं वाटावं असं मला वाटत होतं, हे सांगताना मला लाज वाटत नाही. पण त्याने विचारलं होतं. इतक्या दिवसांत, इतक्या माणसांत, खरं उत्तर हवं म्हणून विचारणारा तो पहिला होता.

मी गिऱ्हाइकांचं स्टूल त्याच्यापुढे सरकवलं.

"माफ करायचं की नाही ते मी नंतर ठरवीन," मी म्हणाले. "आधी बसा. तिला टकळी म्हणायचे."

आत आईचं गाणं थांबलं.